दुर्बलांचा धीर : काशीचे नीळकंठशास्त्री गोऱ्हे आणि बायबलमधील माणसे

१

काशी ही मराठी मनाला शतकानुशतके निर्णयाची नगरी वाटत आली आहे. महाराष्ट्रात ज्या वादाचा निकाल लागत नसे तो काशीच्या पंडितांपुढे नेण्याची चाल होती. पैठणहून तेथे गेलेल्या भट्ट घराण्याने सोळाव्या शतकात धर्मशास्त्रातील आपला अधिकार असा काही प्रस्थापित केला, की १६७४ साली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी त्याच घराण्यातील गागाभट्टांना रायगडावर पाचारण करावे लागले. एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील आपली टीका पैठणास आरंभिली आणि शके १४९५ मध्ये ती पुरी केली ती काशीत. प्राकृतात शास्त्र सांगितल्याबद्दल तेथील पंडितांनी त्यांना जाब विचारला आणि अखेर त्याच ग्रंथाचा गौरव केला, अशी कथा परंपरेने जपली आहे. कथेतील इतिहास किती आणि भक्ती किती हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी तिचा आशय स्पष्ट आहे : काशीने मान डोलावली म्हणजे शंका मिटली.

शंका मिटवणाऱ्या या नगरीत एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या पादात एक चित्पावन तरुण वाढत होता. त्याच्या शंका मात्र काशीत मिटल्या नाहीत, आणि काशी सोडल्यानंतरही मिटल्या नाहीत. नीळकंठशास्त्री गोऱ्हे हे त्याचे नाव. १८२५ साली बुंदेलखंडात झाशीनजीकच्या काशीपुरा गावी त्यांचा जन्म झाला. बांद्याच्या नवाबाच्या दरबाराशी त्यांच्या घराण्याचा संबंध होता. कुटुंब काशीस आले आणि नीळकंठाचे संस्कृत अध्ययन तेथेच झाले. १८४८ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि ते नहेम्या गोऱ्हे झाले.

या घटनेकडे आजवर बहुधा दोनच दृष्टींनी पाहिले गेले. एका बाजूला तो स्वधर्माचा घात होता, तर दुसऱ्या बाजूला काशीसारख्या बालेकिल्ल्यातून मिळालेला विजय होता. घातकी म्हणा किंवा विजयचिन्ह म्हणा, दोन्ही भूमिकांना खंबीर माणूस लागतो. गोऱ्हे तसे नव्हते. ते संशयी, हळवे, स्वतःच्या निर्णयाकडे पुनःपुन्हा वळून पाहणारे गृहस्थ होते, आणि त्यांच्या चरित्राचे खरे मोल त्यातच आहे असे मला वाटते. बायबलमध्ये अशी माणसे पुष्कळ आहेत. त्यांच्या दुर्बलतेतून एखाद्याला धीर कसा मिळतो, आणि तो धीर कोठवर खरा मानावा, याचा शोध गोऱ्हे यांच्या निमित्ताने येथे घ्यावयाचा आहे.

२

या प्रश्नाला मराठी प्रदेशात एक वादग्रस्त पूर्वेतिहास आहे. १८३० ते १८३४ या काळात मुंबईत स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन आणि हिंदू पंडित यांच्यात जे वाद रंगले, त्यांत देवांच्या चरित्रातील दोष हा मोठाच विषय होता. कृष्णाच्या गोकुळातील लीला, इंद्र-अहल्येची कथा, ब्रह्मदेवाचा मोह ही उदाहरणे पुढे करून, असे देव उपासनेस पात्र कसे, असा प्रश्न मिशनरी करीत. मोरभट दांडेकर यांनी विल्सनला उत्तर दिले. साताऱ्याच्या नारायणरावांनीही दिले. विल्सनने १८३२ आणि १८३४ साली त्या दोघांना स्वतंत्र पुस्तकांनी प्रत्युत्तर केले.

हेच शस्त्र त्याआधी दोनशे वर्षे गोव्यात वापरले गेले होते. तेथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले. त्याच्या पहिल्या भागात जुन्या करारातील कथा मराठी ओवीत उतरल्या. पुढे एत्येन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाने पेत्र या प्रेषिताच्या जीवनावर मराठीत एक विस्तृत ओवीबद्ध पुराण रचले. ते १६२९ आणि १६३४ साली दोन भागांत प्रसिद्ध झाले. या पेत्रपुराणातही हिंदू देवतांचे सविस्तर खंडन आहे. यातील विसंगती आज सहज दिसते. पेत्र हा काही निष्कलंक नायक नव्हे. गुरूला अटक झाल्यावर, अंगणात शेकोटीपाशी बसलेल्या एका दासीने ओळखताच, मी त्या मनुष्याला ओळखतच नाही असे त्याने तीनदा सांगितले. देवांचे दोष मोजणाऱ्या ग्रंथाचा नायक स्वतः असा स्खलनशील असावा, याचे तत्कालीन खंडनकारांना काहीच वाटले नाही.

पंडितांनाही हा धागा उलट दिशेने ओढता येण्यासारखा होता. अब्राहामाने प्राणभयाने पत्नीला बहीण म्हणून सांगितले. याकोबाने आंधळ्या बापाला फसवून भावाचा आशीर्वाद लाटला. दावीद राजाने उरीयाच्या बायकोला बोलावून घेतले आणि ती गरोदर राहिल्यावर उरीयाला लढाईच्या तोंडी देऊन मारवले. ज्यांच्या पवित्र ग्रंथात हे लिहिले आहे त्यांनी गोकुळाकडे बोट दाखवावे काय, हा प्रश्न रास्तच होता.

परंतु दोन्ही पक्ष एका गोष्टीत एकमताचे होते. महापुरुषाच्या चरित्रात दोष असला तर तो लाजिरवाणा असतो आणि त्याचे काही तरी समर्थन करावे लागते, असे दोघेही धरून चालले होते. भागवताच्या दशम स्कंधात रासाची कथा ऐकल्यावर परीक्षित राजा नेमका हाच प्रश्न विचारतो. शुकाचार्य उत्तर देतात, की समर्थांना दोष लागत नाही, जसा सर्व काही भक्षण करणाऱ्या अग्नीला लागत नाही. मात्र सामान्याने त्यांचे अनुकरण करू नये. हे उत्तर ईश्वराच्या संदर्भात सुसंगत आहे, पण त्यात सामान्य माणसाला जागा नाही. अग्नीला जे चालते ते आपल्याला चालत नाही, एवढाच बोध घेऊन तो घरी जातो.

त्याच भागवताच्या एकादश स्कंधात मात्र वेगळा सूर आहे, आणि तो मराठीत आला तो काशीतच. सव्विसाव्या अध्यायात पुरूरवा राजा ऊर्वशीच्या मोहात आपण कसे भान हरपून बसलो, ती निघून जात असता वेड्यासारखे तिच्यामागे कसे धावलो, हे स्वतःच सांगतो. तो चक्रवर्ती आहे, पण सामर्थ्याची ढाल पुढे करीत नाही. तेविसाव्या अध्यायातील अवंतीचा कृपण ब्राह्मण सर्वस्व गेल्यावर आपल्या दुःखाचे मूळ आपल्याच मनात शोधतो. एकनाथांनी या दोन्ही प्रसंगांचा मोठ्या रसाळपणे विस्तार केला. तुकारामांच्या अभंगांतील आत्मनिर्भर्त्सना तर मराठी वाचकाला पाठच असते. तेव्हा पवित्र चरित्रात दुर्बलतेची कबुली असणे मराठी परंपरेला परके नव्हते. वादाच्या धुरळ्यात दोन्ही पक्षांना आपापल्या घरातले हे धन दिसेनासे झाले होते, इतकेच.

३

नीळकंठशास्त्री या वादात प्रथम उतरले ते स्वधर्माचे कैवारी म्हणून. जॉन मूर या विद्वान अधिकाऱ्याने १८३९ साली ‘मतपरीक्षा’ नावाचा संस्कृत पद्यग्रंथ लिहून ख्रिस्ती धर्माचे मंडन केले होते. त्याला संस्कृतातच तीन उत्तरे आली. पहिले सोमनाथ या नावाने लिहिणाऱ्या सुबाजी बापू या मराठी ज्योतिषपंडिताचे, दुसरे हरचंद्र तर्कपंचानन या बंगाली पंडिताचे. तिसरे उत्तर म्हणजे १८४४-४५ च्या सुमारास नीळकंठांनी रचलेला ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’. तेव्हा त्यांचे वय जेमतेम वीस वर्षांचे होते. जन्मतःच कोणी सुखी आणि कोणी दुःखी का, याचे उत्तर पूर्वजन्माशिवाय कसे देणार. एका अल्पायुष्यातील पापाला अनंत नरक ही शिक्षा न्याय्य कशी. असे नेमके आणि अवघड आक्षेप या तरुणाने मांडले. रिचर्ड फॉक्स यंग यांनी या साऱ्या वादाचा जो साक्षेपी अभ्यास केला आहे, त्यात नीळकंठांच्या ग्रंथाला मानाचे स्थान आहे.

त्याच सुमारास विल्यम स्मिथ या चर्च मिशनरी सोसायटीच्या धर्मोपदेशकाशी त्यांचा वाद चालू होता. ते गेले होते ख्रिस्ती मताचे खंडन करण्यासाठी. पण प्रतिपक्षाचा ग्रंथ समजून घेतल्यावाचून त्याचे खंडन करू नये, ही पंडिती शिस्त त्यांच्या अंगी होती. ते बायबल वाचत गेले आणि वाचता वाचता डळमळले. तीनेक वर्षे हे द्वंद्व चालले. अखेर १४ मार्च १८४८ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो काशीत नव्हे, जौनपूरला. शेवटचा निर्णय निर्णयाच्या नगरीबाहेर व्हावा, हा योगायोग सूचक आहे.

न्यायदर्शनाने मानलेल्या सोळा पदार्थांत संशय हा तिसरा आणि निर्णय हा नववा आहे. संशयातून निघून निर्णयाला पोचावयाचे, असा तो क्रम. संशयात्म्याचा नाश होतो हे गीतेचे बजावणेही नीळकंठांना लहानपणापासून ठाऊक असणार. त्यांच्या पहिल्या ग्रंथाच्या नावातच ‘विनिर्णय’ आहे. पण त्यांच्या आयुष्याने हा क्रम पाळला नाही. धर्मांतरानंतरही संशयाने त्यांची पाठ सोडली नाही. त्यांचे चरित्रकार सी. ई. गार्डनर यांनी १९०० साली प्रसिद्ध केलेल्या चरित्रात ही गोष्ट लपवलेली नाही. जे दुसऱ्याला समर्थपणे पटवून देता येई तेच स्वतःच्या अंतःकरणात स्थिर ठेवणे त्यांना कठीण जाई.

१८५४ साली महाराजा दुलीपसिंग यांच्याबरोबर ते इंग्लंडला गेले. ऑक्सफर्डला मॅक्स म्यूलर यांची आणि त्यांची भेट झाली. ख्रिस्ती म्हणवणाऱ्या त्या देशात शुभवर्तमानातले जीवन कोठेच दिसत नाही, म्हणून हा तरुण किती खचला होता, याची आठवण मॅक्स म्यूलर यांनी पुढे आपल्या भारतीय मित्रांविषयी लिहिताना नोंदवली आहे. परत आल्यावर गोऱ्हे यांनी हिंदीत ‘षड्दर्शनदर्पण’ लिहिला. फिट्झएडवर्ड हॉल यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १८६२ साली कलकत्त्यास प्रसिद्ध झाले. सहा दर्शनांचे इतके जाणकार खंडन तोवर कोणा ख्रिस्ती लेखकाने केले नव्हते. पुढे १८७० साली ते धर्मगुरू झाले. नंतर सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट या संन्यस्त संघात दाखल झाले. तेथे त्यांनी वर्षानुवर्षे उमेदवारी केली, पण आजन्म बंधनाची अंतिम शपथ घेतली नाही. बाहेरून पाहणाऱ्याला त्यांची राहणी कोणाही संन्याशाला शोभेल अशी निःसंग दिसे. स्वतः त्यांना मात्र आपण त्या शपथेस पात्र आहोत असा भरवसा वाटला नसावा.

त्यांना बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेले नाव या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. जुन्या करारातील नहेम्या हा इराणच्या बादशहाचा प्यालेबरदार होता. यरुशलेमेचा तट पडला आहे हे ऐकून तो रडत बसला. उदास चेहऱ्याने बादशहापुढे उभा राहिला आणि कारण विचारताच घाबरून गेला; हे भय त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. आपण आणि आपल्या बापाचे घराणे अपराधी आहोत, अशी कबुली त्याच्या पहिल्याच प्रार्थनेत आहे. पुढे त्याने बावन्न दिवसांत तट उभारला खरा, पण ग्रंथाच्या अखेरच्या अध्यायात तो संतापाने लोकांचे केस उपटतो, त्यांना शाप देतो आणि देवाला पुनःपुन्हा विनवतो, की माझी आठवण ठेव. काम पुरे झाले तरी स्वतःविषयीचा विश्वास अपुरा राहिलेला असा हा माणूस आहे. आणि जन्मनाव नीळकंठ. विष गिळताही येत नाही आणि थुंकताही येत नाही, म्हणून ते कंठातच धरून ठेवणाऱ्या देवाचे ते नाव. गोऱ्हे यांची दोन्ही नावे त्यांना सारखीच लागू पडली.

४

बायबलच्या लेखकांनी आपल्या माणसांची दुर्बलता कशी लिहिली, याकडे साहित्याच्या अभ्यासकाने लक्ष दिले पाहिजे. त्यांनी तिचे समर्थन केलेले नाही आणि तिचा बाऊही केलेला नाही. मोशेला बोलताना जीभ जड होत असे आणि म्हणून तो देवाने सांगितलेले काम टाळू पाहत होता, हे सरळ सांगितले आहे. कर्मेल डोंगरावर विजय मिळवणारा एलीया दुसऱ्याच दिवशी एका राणीच्या धमकीने रानात पळतो आणि झुडुपाखाली बसून मरण मागतो. त्या क्षणी त्याला उपदेश केला जात नाही. देवदूत त्याला भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो. योना देवाची आज्ञा चुकवून उलट दिशेच्या गलबतात बसतो. ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. आणि ग्रंथाच्या शेवटी देवाचा ठपका येतो तो ईयोबावर नव्हे, त्याला धर्मतत्त्वे ऐकवणाऱ्या मित्रांवर.

दाविदाच्या कथेत तर हे लेखन कठोर होते. नाथान संदेष्टा राजाला गरीब माणसाच्या एकुलत्या एका कोकराची गोष्ट सांगतो, राजा त्या कोकरू हिरावणाऱ्या श्रीमंतावर संतापतो, आणि मग नाथान तो श्रीमंत म्हणजे तूच हे त्याच्या तोंडावर सांगतो. समर्थांना दोष लागत नाही हे उत्तर येथे कोणी देत नाही. राजाला दोष लागतो, तो कबूल करतो, परिणाम भोगतो. आणि तरीही कथेतून बाद होत नाही. नव्या करारातील थोमाने तर जखमेत बोट घातल्यावाचून विश्वास ठेवणार नाही असे सांगितले, तरी शिष्यमंडळातून त्याला कोणी काढले नाही. मार्काच्या शुभवर्तमानातील आजारी मुलाचा बाप एकाच श्वासात आपला विश्वास आणि आपला अविश्वास दोन्ही सांगून टाकतो, आणि त्याच्या मुलाला बरे केले जाते. विश्वास आधी शुद्ध करून आण, असे त्याला सांगितले जात नाही. संशयासह उभे राहण्याची मुभा गोऱ्हे यांच्यासारख्या माणसाला ज्या कथांत मिळू शकत होती, त्यांत ही कथा मला सर्वांत जवळची वाटते.

दुर्बल माणसाचा धीर दुसऱ्याच्या उपयोगी कसा पडतो, याचे उदाहरण गोऱ्हे यांच्या आयुष्यातच आहे. १८८२ साली विधवा होऊन, तान्ह्या मुलीसह, पंडिता रमाबाई पुण्यास आल्या. संस्कृतात पारंगत, तर्कात निष्णात, आईबापांना दुष्काळात गमावलेल्या आणि जुन्या श्रद्धेतून बाहेर पडून ब्राह्म मताकडे वळलेल्या या स्त्रीला साध्या उपदेशकाने काही पटवणे अशक्यच होते. गोऱ्हे त्यांना भेटत राहिले आणि त्या इंग्लंडला गेल्यावरही पत्राने त्यांच्याशी बोलत राहिले. आपले मन वळवण्याचे सामर्थ्य या एकाच माणसात होते, अशा आशयाची कबुली रमाबाईंनी पुढे दिली आहे. यात पांडित्याचा वाटा होताच, पण एवढ्याने उलगडा होत नाही. ज्या शंकांनी रमाबाई व्याकूळ होत्या त्या शंका या वृद्ध शास्त्र्याला घरच्या होत्या. ज्याला कधी शंकाच आली नाही त्याच्या उत्तराला शंकेखोर माणूस फारसे मानत नाही.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या अंतःकरणाला प्रत्यक्ष हात घातला तो बायबलमधील अशाच एका व्यक्तीने. लंडनमधील फुलम येथे, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी ख्रिस्ती भगिनी काम करताना त्यांनी पाहिल्या. पतित म्हटल्या गेलेल्या बायकांची अशी काळजी या लोकांना का वाटते, हा प्रश्न त्यांनी विचारला. तेव्हा योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना सांगण्यात आली. भर दुपारी एकटीच विहिरीवर पाण्याला आलेली, पाच नवरे झालेली आणि सहाव्याबरोबर राहणारी ही बाई. येशू तिच्याजवळ प्यायला पाणी मागतो आणि उपासना म्हणजे काय हे तिलाच सांगतो. आपल्या १९०७ सालच्या आत्मनिवेदनात रमाबाईंनी या प्रसंगाला निर्णायक स्थान दिले आहे. केडगावच्या मुक्तिसदनाबरोबर त्यांनी पुढे ‘कृपासदन’ उभे केले, ते अशाच स्त्रियांसाठी. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका अनामिक बाईच्या लज्जित आयुष्यातून पुणे जिल्ह्यात एक घर उभे राहिले. उत्तेजन या शब्दाचा याहून भक्कम अर्थ मला सांगता येणार नाही.

५

येथे एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. थोरांनीही चुका केल्या, मग आपल्या चुकांचे काय एवढे, असा स्वस्त दिलासा या कथांतून काढणारे लोक सर्व काळी असतात. दाविदाला क्षमा मिळाली हे ते सांगतात आणि उरीया मेला हे विसरतात. बथशेबेला कोणी विचारले होते काय, हा प्रश्न तर फार उशिरा विचारला जाऊ लागला. शोमरोनी स्त्रीविषयीही मूळ कथेत पापिणी हा शब्द कोठेच नाही. घटस्फोटाची सत्ता बहुतांशी पुरुषाच्या हाती असलेल्या समाजात पाच नवरे होणे ही तिची दुर्बलता असेल, किंवा पाच वेळा टाकले जाण्याचे वा विधवा होण्याचे दुर्दैव असेल. दुसऱ्यांनी केलेल्या अन्यायाला आपण किती सहजपणे दुर्बलाचा दोष समजतो, हेही या कथेने शिकवावयास हवे. बालविधवांचे आयुष्य जवळून पाहिलेल्या रमाबाईंना ते शिकवावे लागले नसेल.

गोऱ्हे यांच्या चरित्रातही अशी एक बाजू आहे. त्यांची पत्नी लक्ष्मी त्यांच्यामागोमाग ख्रिस्ती झाली आणि १८५३ साली काशीत एका मुलीला जन्म देऊन लवकरच वारली. दुसऱ्या वर्षी बाप इंग्लंडला गेला. मुलगी आधी एका निळीच्या मळेवाल्याच्या घरी आणि १८५७ च्या धामधुमीत त्या घरावर संकट आल्यावर एका मिशनरी कुटुंबात वाढली. त्यांनीच तिला इंग्लंडला नेले. एलन लक्ष्मी गोऱ्हे या नावाने ती इंग्रजी भक्तिगीतांची कवयित्री झाली. ईश्वराच्या सान्निध्यातील गुप्त आश्रयावर तिने लिहिलेले गीत इंग्रजी ख्रिस्ती जगात दूरवर गायले गेले. १८८० साली ती हिंदुस्थानात परतली आणि उरलेले आयुष्य तिने येथेच सेवेत घालवले. आश्रय हा विषय तिला का सुचला असेल, याचा अंदाज वाचकाने करावा. सत्याच्या शोधात निघालेल्या बापाने मागे काय ठेवले, याचा हिशेब गोऱ्हे यांच्या थोरवीतून वजा करून चालणार नाही. काशीत मागे राहिलेल्या आप्तांचाही नाही. नाथानाची गोष्ट येथेही आठवली पाहिजे. दुर्बलतेतून मिळणारा धीर खरा असतो तो त्या दुर्बलतेची किंमत कोणी मोजली हे नोंदवल्यावरच.

मराठी आत्मचरित्राच्या इतिहासात या नोंदीची परंपरा ख्रिस्ती लेखकांनी दृढ केली, हे आता मान्य व्हावयास हरकत नाही. बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ १८८४ साली आले. त्यात धर्मांतराचा जयघोष आहे, पण त्यापूर्वीची चालढकल आणि भीतीही आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये तर ही दृष्टी पूर्ण कलात्मक झाली. नारायण वामन टिळकांचा कोप, त्यांचा हट्ट, घरात दमडी नसताना त्यांनी केलेली उदार उधळपट्टी हे सारे लक्ष्मीबाईंनी हसत हसत सांगितले. काही झाकले नाही, आणि तरी टिळकांचे मोठेपण तसूभरही उणे झाले नाही. हा मोकळेपणा त्यांना बायबलने शिकवला असे म्हणण्यास पुरावा नाही. माजघरातील मराठी बाईच्या बोलण्यात तो मुळातच असतो. परंतु थोर माणसाचा दोष सांगणे म्हणजे त्याची अप्रतिष्ठा नव्हे, हा विश्वास ज्या ग्रंथात पानोपानी आढळतो तो ग्रंथ त्या घरात रोज वाचला जात होता, हेही विसरता येणार नाही.

२९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईत गोऱ्हे यांचे निधन झाले. त्यांच्या संशयांचा निकाल लागला होता की नाही, हे जाणण्याचे साधन आपल्याजवळ नाही, आणि तशी गरजही नाही. काशीत ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या बाजूच्या मराठी वस्तीतून चालताना मला त्यांची आठवण होते, ती त्यांच्या धर्मांतरामुळे नव्हे. आपल्या चरित्रग्रंथांत आपण अजूनही माणसे धुऊन, पुसून, शेंदूर लावून बसवतो. समाजसुधारक असो, संत असो की पुढारी, त्याच्या आयुष्यातील भ्यालेला, चुकलेला, डळमळलेला दिवस आपण गाळून टाकतो आणि मग तरुण वाचक त्याच्यापासून दूर का राहतो म्हणून खंत करतो. पुरूरव्याचा पश्चात्ताप मराठीत उतरवणारे एकनाथ, झुडुपाखाली निजलेल्या एलीयाची भाकर लिहून ठेवणारा तो अज्ञात लेखक आणि आपल्या नायकाचा संशय न झाकणारे गार्डनर यांनी वेगळी वाट धरली. त्या वाटेवर डळमळणाऱ्या माणसाला सोबत मिळते. रमाबाईंना ती मिळाली होती.